आधी पर्वती, मग आल्प्स!

“तुमचं वजन किती?” काउंटरपलीकडच्या उंच, गोऱ्यापान मुलाने अगदी सहज विचारलं.

स्थळ: ग्रिंडेलवाल्ड, स्वित्झर्लंड. वेळ: शनिवार संध्याकाळ. माझ्या मागे नवरा, सात वर्षांची लेक, सासूबाई आणि भाड्याने स्की घ्यायला आलेली आणखी आठ-दहा माणसं. इंटरनेटवर बुकिंग करताना मी बिनधास्त ६४ लिहिलं होतं. खरा आकडा ७१!

आता तुम्हीच सांगा, चारचौघांत काय करायचं?

पण त्या मुलाने हातातला स्क्रूड्रायव्हर दाखवून शांतपणे समजावलं. बूट ज्याच्यात अडकतो ते बाइंडिंग तुमचं वजन, उंची, वय आणि तुम्ही किती तयारीचे आहात ते बघून सेट करतात. पडलात की स्की पायातून सुटली पाहिजे, नाहीतर पीळ बसतो तो थेट गुडघ्याला. वजन कमी सांगितलंत तर नको तिथे आपोआप सुटणार. “फॉर्मवर बरेच जण थोडं कमी लिहितात, म्हणून मी पुन्हा विचारतो,” तो म्हणाला. मी ७१ सांगितलं. नवऱ्याने भिंतीवरचं पोस्टर वाचायला घेतलं. शहाणा आहे.

तर मंडळी, स्की हॉलिडेचं प्लॅनिंग असं असतं. खोटं बोलून चालत नाही. वजनाबद्दल नाही, पैशांबद्दल नाही आणि घरातल्या माणसांबद्दल तर मुळीच नाही.

सुरुवात झाली २०२४ च्या जूनमध्ये. एकाच आठवड्यात दोन कागद हातात पडले. एक, बोनसचं पत्र. दुसरा, पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट. एचबीएवनसी ६.१. डॉक्टर म्हणाले, “अजून डायबेटिस नाही, पण उंबऱ्यावर आहात. चाला, पळा, काहीतरी करा.” नवऱ्याचं म्हणणं, बोनस होमलोनमध्ये घालू. माझं म्हणणं, पंधरा वर्षं आयटीत काढलेल्या बाईला डेडलाइनशिवाय काही जमत नाही. मला तारीख ठरलेलं टार्गेट हवं. ‘रोज चालेन’ असं म्हणून मी जिमचे तीन वेळा वर्षाचे पैसे भरलेत आणि एकूण अकरा वेळा गेलेय. दोन रविवार वाद घातला आणि तोडगा निघाला: अर्धा लोनला, अर्धा बर्फाला. उरलेले पैसे दिवाळीची खरेदी आणि नवा फ्रीज पुढे ढकलून.

“औली, गुलमर्ग का नाही?” असं निम्म्या ऑफिसने विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. नुसतं स्कीइंग शिकायचं असेल तर खुशाल तिकडे जा, खर्च निम्म्याहून कमी. आम्हाला मात्र असं गाव हवं होतं जिथे स्की न करणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या बाईलाही रेल्वेत बसून थेट डोंगरावर जाता येईल. ग्रिंडेलवाल्डमध्ये ते जमतं. झ्युरिक विमानतळापासून रेल्वेने सुमारे तीन तास. गाव आहे १,०३४ मीटरवर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्यापेक्षाही खाली! बर्फ आहे तो वरच्या डोंगरांमुळे.

खरी गोची कॅलेंडरची. आपल्या शाळांना सुट्टी दिवाळीत, नाताळात आणि मेमध्ये. दिवाळीत बर्फाचा भरवसा नाही, मेमध्ये सीझन संपलेला. उरला नाताळ, नेमका सगळ्यात महाग. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांनाच सुट्ट्या असतात, की पुन्हा गर्दी. शेजारच्या वेंगेनला जानेवारीच्या मध्यावर लाउबरहॉर्नची प्रसिद्ध शर्यत असते, तो आठवडाही टाळलेला बरा. म्हणून आम्ही त्यानंतरचा आठवडा निवडला, २५ जानेवारी ते १ फेब्रुवारी. (तिथली घरं सहसा शनिवार ते शनिवारच मिळतात, हे लक्षात ठेवून विमानाची तिकिटं काढा.) पण त्यासाठी लेकीला शाळा बुडवावी लागली आणि २६ जानेवारीच्या कवायतीतून नाव काढावं लागलं. बाई नाराज, लेक दोन दिवस फुरंगटून. याची भरपाई फ्रँकमध्ये होत नाही.

व्हिसा-इन्शुरन्सचं एकाच दमात सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचे वेगळे. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे, पण साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा स्कीइंग धरलेलं नसतं. बारीक अक्षर वाचा, ‘विंटर स्पोर्ट्स’ हे शब्द शोधा. उतारावरून हेलिकॉप्टरने उचलून न्यायची वेळ आली तर ते बिल कुठलाही बोनस पुरवणार नाही.

आता फिटनेस. ऑक्टोबरपासून रोज सकाळी पर्वती, १०३ पायऱ्या. रविवारी सिंहगड. मला वाटायचं, दम वाढला की झालं. आमच्या सोसायटीतल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, “चढताना काय होतं ते सांगू नकोस. उतरताना मांड्या थरथरतात का?” थरथरायच्याच की! उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलत असतो आणि स्कीवर दिवसभर नेमकं तेच करायचं असतं. तेव्हापासून मी चढण आरामात चढायला लागले आणि उतरण मन लावून, न धावता, गुडघे वाकवून. जोडीला भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं. पहिल्या दिवशी वीस सेकंदांत घामाघूम. जानेवारीत दीड मिनिट, तेही कुकरच्या शिट्ट्या मोजत. वजन ७६ वरून ७१. नवरा मात्र जिममध्ये दंड फुगवत बसला. दंडांचा स्कीवर काय उपयोग होतो? बूट उचलायला!

आणि मग सासूबाई. आई पहिल्यांदा म्हणाल्या, “मी काय करू तिथे बर्फात?” दुसऱ्यांदा म्हणाल्या, “अगं, स्वयंपाकाला नेताय का मला? तसं असेल तर तसं सांग.”

खरं सांगते, चपराकच बसली. कारण माझ्या एक्सेल शीटमध्ये ‘जेवण’ या रकान्यासमोर मी लिहिलं होतं: घरी, आई. तिथल्या हॉटेलांचे भाव बघून घाबरले होते मी. फ्रँक शंभर रुपयांच्या केव्हाच वर गेलाय. चौघांनी दोन वेळा बाहेर जेवायचं तर जेवणाचा आकडा घराच्या भाड्याशी शर्यत लावणार. पण त्यावर उपाय म्हणून एका बाईला सात हजार किलोमीटरवर नेऊन पुन्हा ओट्यापुढे उभं करायचं?

रकाना बदलला. सकाळचं मी, रात्रीचं नवरा. आईंकडे एकच खातं, हिशेब. त्यांनी लगेच लाल पुठ्ठ्याची वही काढली. चाळीस वर्षं बँकेत काढलेली बाई, त्यांना हे काम मनापासून आवडलं.

सामान भरताना तुपाची बरणी घरीच राहिली. भारतातून दूध-तुपाचे किंवा मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, डाळ-तांदूळ आणि बाकरवडी नेली. बाकी तिथल्या सुपरमार्केटमधून. तिथे दोन गोष्टी शिकलो. स्वस्त मालाचं वेगळं लेबल असतं आणि चव अगदी व्यवस्थित असते. आणि दुकान बंद व्हायच्या सुमारास ब्रेड, दही, सॅलडवर पंचवीस ते पन्नास टक्के सवलतीची स्टिकर्स लागतात. आई रोज संध्याकाळी त्या वेळेला बरोबर हजर! पाणी विकत घ्यायचं नाही, नळाचं उत्तम असतं. डोंगरावरच्या हॉटेलात मी एकदाच र्‍योस्टी खाल्ली, वर एक अंडं. सत्तावीस फ्रँक! पहिला घास घेतला आणि लक्षात आलं, हा तर बटाट्याचा कीस. दाण्याचं कूट आणि मिरची विसरलेला. त्यानंतर रोज पाठीवरच्या सॅकमध्ये थालीपीठं.

उतारावर काय झालं? पहिले तीन दिवस गावातल्याच बोडमीच्या छोट्या उतारावर. पहिल्यांदा शिकणाऱ्यांनो, सगळ्या डोंगरांचा महागडा पास पहिल्याच दिवशी घेऊ नका, तुम्ही तिथपर्यंत पोचत नाही. घ्यायचेच असतील तर शिकवणीला पैसे घाला. मुलांना शिकवायची तिथली भाषाच खाण्यापिण्याची. स्कीची पुढची टोकं जवळ आणली की ‘पिझ्झा’, वेग कमी. समांतर ठेवल्या की ‘फ्रेंच फ्राइज’, सुसाट. लेक दुसऱ्या दिवशी फ्राइजवर पोचली. मी गुरुवारपर्यंत पिझ्झाच. पहिल्या दिवशी मी दोन जोड मोजे घातले आणि पाय बधिर झाले. एकच पातळ मोजा घाला, बूट घट्टच हवा.

गुरुवारी आम्ही फर्स्टच्या गोंडोलाने वर गेलो, सुमारे २,१७० मीटरवर. निळी पाटी, म्हणजे सोपा उतार. युरोपात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. वरून बघितलं आणि तो सोपा मला कड्यासारखा दिसला. दुपारचे अडीच वाजलेले, मांड्या सकाळपासून भरून आलेल्या. लेक म्हणाली, “आई, चल ना, मी हळू जाते.” नवरा म्हणाला, “एवढं आलोय तर...” त्या ‘तर’मध्ये पूर्ण पासचे पैसे होते, फ्रीज होता, चार महिन्यांची पर्वती होती.

मी स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि गोंडोलाने खाली आले. दमलेल्या पायांनी, दिवसाच्या शेवटी, ‘एवढं आलोय तर’ म्हणून उतरायचं नाही, हे मी ठरवूनच आले होते. तरीही डोळ्यांत पाणी आलं. काचेतून ते दोघं दोन ठिपक्यांसारखे वळणावर दिसेनासे झाले. शुक्रवारी सकाळी, ताज्या पायांनी, मी त्याच उतारावर मधल्या स्टेशनपर्यंत आले. पाच वेळा पडले. एकदा उजवी स्की सुटली, आणि ७१ खरं सांगितल्याचं बरं वाटलं. पुढचं पुन्हा गोंडोलाने.

परत आल्यावर फेब्रुवारीत रिपोर्ट केला. ५.८. उंबरा अजून ओलांडलेला नाही, पण पाय आतल्या बाजूला सरकलाय. पर्वती चालू आहे.

आईंची लाल वही परवा हातात आली. सात दिवसांचं चौघांचं खाणं ६१८ फ्रँक. त्यात शेवटच्या रात्रीच्या हॉटेलातल्या फॉन्ड्यूचे १४२, वेगळ्या रकान्यात, वर शीर्षक ‘चैन’. माझी र्‍योस्टीही तिथेच. खाली गुरुवारच्या तारखेला आणखी एक नोंद होती, आम्हाला कधी न सांगितलेली. मी वर डोळे पुसत होते त्या दुपारी आई एकट्याच रेल्वेने क्लाइने शायडेगला गेल्या होत्या, २,०६१ मीटरवर, आयगरच्या भिंतीसमोर. सुवाच्य बँकेच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘कॉफी १, केक १. स्वतःसाठी.’