फरशीतलं पाऊल

सान हुआन बाउतिस्ताच्या चर्चमध्ये शिरलं की आधी काहीच दिसत नाही. बाहेरचं कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन पापण्यांना चिकटून आत आलेलं असतं. मग अंधार हळूहळू निवळतो, जाड कच्च्या विटांच्या भिंतींतला गारवा अंगाला लागतो, वेदीवरच्या संतांचे चेहरे एकेक करून उजळतात, आणि नजर खाली उतरते तेव्हा तांबूस फरशीत एक पंजा उमटलेला दिसतो.

रानातल्या कुठल्याशा जनावराचा.

सोबतची मंडळी पुढे गेली. मी वाकून त्या खळग्यात बोट ठेवलं. गुळगुळीत, थंड, कडेला माती किंचित वर उचललेली, पाऊल आत्ताच उचललं असावं अशी. दोनशे वर्षांपूर्वी ओल्या फरश्या उघड्यावर वाळत पडल्या होत्या आणि ते जनावर त्यांच्यावरून आपल्या वाटेनं निघून गेलं. आमच्याकडे सारवलेल्या अंगणात अशी पावलं उठली की आजी पुन्हा हात फिरवून ती पुसून टाकायची. इथे ती भट्टीत भाजून पक्की झाली.

पण ज्या हातांनी ही माती मळली, थापली, त्यांचं काय उरलं? 24 जून 1797 रोजी फेर्मिन लासुएन या स्पॅनिश पाद्र्यानं इथे मिशन स्थापलं, 1803 मध्ये या चर्चचा पाया घातला गेला. घाम मात्र मुत्सुन लोकांचा, ज्यांची ही भूमी होती. बाप्तिस्मा घेतला की मिशन सोडायची मुभा संपायची. पळालेल्यांना सैनिक धरून आणायचे. कमानींखालून झिरपणारा मधाळ उजेड मला मनापासून आवडला, आणि तो आवडत असतानाच छातीत काहीतरी रुतत राहिलं.

उत्तरेच्या भिंतीला लागून दफनभूमी आहे. ऑलिव्हची वाकलेली झाडं, वाळकं गवत, आणि त्याखाली चार हजारांहून अधिक माणसं. गोवरानं, साथींनी, परक्या जगण्यानं खचलेली, बहुतेकांच्या उशाशी नावही नसलेली. भिंतीपलीकडे जमीन एकदम उतरते आणि दूरवर शेतं पसरतात. तो उतार म्हणजे सान आंद्रेआसचा भ्रंश, जमिनीच्या पोटातली भेग. 1906 च्या भूकंपात चर्चच्या बाजूच्या भिंती ढासळल्या. सत्तर वर्षांनी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. इतकी माणसं पोटात घेऊन ही माती अजून हलतेच आहे.

इथेच आसेन्सिओन सोलोर्सानो निजली आहे. औषधपाणी जाणणारी ही म्हातारी मुत्सुन भाषा अस्खलित बोलणारी शेवटची. 1929 मध्ये ती अंथरुणाला खिळली असताना जॉन हॅरिंग्टन नावाचा भाषाभ्यासक तिच्या उशाशी बसला आणि ती सांगत गेली: झाडपाला, गाणी, गोष्टी, जुन्या वाटा. श्वास पुरत नव्हता, तरी सांगत गेली. पुढच्याच वर्षी ती वारली.

कागद राहिले.

त्या टिपणांच्या आधारानं तिच्या समाजातले लोक ती भाषा पुन्हा शिकू लागले आणि 2016 मध्ये मुत्सुनचा शब्दकोश निघाला. मला ती भाषा ऐकायची आहे. याच उतारावर, धावता धावता एखाद्या पोरानं पुढे गेलेल्या भावाला मारलेल्या हाकेत.