रानातील माझे गुरुजी

शिक्षकाने आपल्या फजितीची हकीकत शाळेच्या वार्षिकात छापावी, हे काही पालकांस कदाचित रुचणार नाही. तथापि ज्या चुकीने मला पुष्कळ शिकविले, ती आपणांपासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मी आपल्या शाळेचा स्काउट-मास्तर. 1907 साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांची छावणी भरविली, तेथपासून 1950 साली आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली तेथपर्यंतचा इतिहास मला मुखोद्गत आहे. गाठी मारणे, नकाशा वाचणे, होकायंत्र पाहणे यांची प्रमाणपत्रेही मजपाशी आहेत. परंतु आपण सांगलीकर. कृष्णेचा डोह व उसाचे फड आपणांस ठाऊक. घनदाट रान मात्र मुलांनी पाहिले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मीही ते बहुतांशी पुस्तकातच पाहिले होते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात नववीची काही मुले घेऊन आम्ही दोघे शिक्षक साताऱ्याच्या पश्चिमेस बामणोलीकडे गेलो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय तेथे डोंगरांच्या कुशीत पसरला आहे. त्याच्या पलीकडचे रान थेट आपल्या जिल्ह्यातील चांदोलीपर्यंत जाते, व 2010 सालापासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते.

आम्हांस शिकविण्यास लाभलेले गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. सर्वजण त्यांस आबा म्हणत. त्यांचे जन्मगाव त्या जलाशयाखाली गेलेले, लहानपण गुरांमागे गेले, अक्षरओळख जेमतेम. अभयारण्यात विस्तव पेटविण्यास बंदी असल्यामुळे पहिला धडा त्यांच्या अंगणातच झाला. भुईवर पडलेले लाकूड दव पिते, म्हणून झाडावरच वाळलेली काटकी घ्यावी. आधी काडीएवढी, मग बोटाएवढी, मग मनगटाएवढी, असा क्रम ठेवावा. मी काड्यापेटीतील सात काड्या फुकट घालविल्या. आबांनी एकीत काम भागविले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस गावाभोवती फिरविले. खाजकुयलीच्या वाळल्या शेंगांखालून जाऊ नये. बिब्ब्याच्या चिकास हात लावू नये. वानर झाडावरून खाकरू लागले तर जागीच उभे राहून ते कोणीकडे पाहते हे न्याहाळावे. सांगण्यापेक्षा ते विचारीतच अधिक. "काय दिसतंय?" हा त्यांचा एकच प्रश्न. माणसांची वाट व जनावरांची वाट यांतील भेद त्यांनी असाच आमच्याकडून काढून घेतला. माणसाच्या वाटेवर कोयत्याने छाटलेल्या फांद्यांचे जुने खुंट दिसतात, गव्याच्या वाटेवर ते नसतात. शेवटी म्हणाले, "वाट चुकली म्हंजी पुढं जायचं न्हाई. ध्यानात आलं तितंच बसायचं अन् कुकारा घालायचा. तुमी चालाय लागला, तर हुडकणारानं कुटं हुडकायचं?"

तिसऱ्या दिवशी नावेने पलीकडे जाऊन, वनखात्याच्या चौकीवर नावे नोंदवून, आम्ही वासोट्यावर चढलो. उतरताना आबा पुढे होते. एका मुलाचा पाय मुरगळल्याने मी चौघांसह मागे पडलो. वेळ गाठण्यासाठी डावीकडील एक रुंद वाट मी धरली. जलाशय पूर्वेस होता, होकायंत्रही वाट पूर्वेकडेच दाखवीत होते. मला संशय कशाचा यावा?

सुमारे पाव तास चालल्यावर मागून आवाज आला, "सर, इथे कोयत्याचा एकही खुंट नाही." बोलणारा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, गणिताच्या तासास मी त्याला अनेकदा उभे केलेले. मी त्याला "गप्प चल" म्हणालो. तो गप्प झाला, परंतु चालला नाही. वाटेतच खाली बसला आणि म्हणाला, "सर, आबांनी बसायला सांगितलंय." त्याला दटावण्यासाठी मी मागे वळलो, तोच पायाशी गव्याचे ओले शेण दिसले. पुढे कारवीची दाट जाळी होती, आणि तीत काहीतरी जड हलल्याचा आवाज झाला.

आम्ही पाचहीजण बसलो. जाळीतला आवाज हळूहळू दूर जाऊन विरला, तेव्हा त्या मुलाने कुकारा घातला. अर्ध्या तासाने आबांचा प्रतिसाद आला. सूर्य मावळतीस टेकला असता आम्ही नावेत बसलो. मुलांदेखत आबा मला एक शब्दही बोलले नाहीत. रात्री एकटा गाठून एवढेच म्हणाले, "मास्तर, पोरगं बसलं म्हनून तुमी घावला."

सांगलीस परतल्यावर सोमवारच्या प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो लाजून बूट पाहत राहिला. होकायंत्र खोटे बोलले नव्हते. परंतु दिशा कळणे म्हणजे वाट कळणे नव्हे, हे मला माझ्या विद्यार्थ्याकडून कळले, आणि त्याला ते पाटी न धरलेल्या एका वृद्धाकडून कळले होते.

पालकांस माझी एक विनंती आहे. पुढील हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. मुलांस निःशंकपणे पाठवावे. पुढे आबा असतील, आणि सर्वांत मागे तो शेवटच्या बाकावरचा मुलगा चालेल. मी मधे चालणार आहे.