पावतीवरची एक ओळ

आपल्या घरातली मुले-मुली कॉलेजात जातात. जून-जुलैत फी भरतात, पावती आणतात. ती पावती घरात कोणी पूर्ण वाचते का? बहुधा नाही. खालचा आकडा पाहिला जातो, ‘एवढे?’ असे म्हटले जाते आणि पावती ट्रंकेत जाते. आम्हाला मात्र पावतीची ओळ न् ओळ वाचायची सवय आहे. १९८० पासून २०१४ पर्यंत आम्ही अकोल्याच्या एका अनुदानित कॉलेजात फी-खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. शिकवणी शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, मॅगझिन, वैद्यकीय तपासणी अशी शीर्षे आम्ही हजारो पावत्यांवर लिहिली. नव्वदीनंतर त्यांत एक नवी ओळ आली, ती कॉम्प्युटरची. त्या ओळीबद्दलच आज लिहायचे आहे, कारण तिच्यात आपल्या मुलांचे पैसेही आहेत आणि मानही आहे.

आम्ही स्वतः अमरावतीला शिकलो. तेव्हा तिथे विद्यापीठ नव्हते. ते १ मे १९८३ रोजी झाले आणि २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. आमच्या मार्कलिस्टवर नागपूर विद्यापीठाचा शिक्का आहे. वडील अकोल्याला जिनिंगमध्ये हमाली करायचे. फी भरायची ऐपत घरात नव्हती. ती ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया स्कॉलरशिप’मधून जायची. पण ते पैसे कॉलेजला उशिरा मिळत. तोवर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक अलिखित नियम होता, की आधी रोख फी भरलेल्यांना पुस्तके आणि उरली तर आम्हाला. ‘तुमची फी अजून यायची आहे,’ हे वाक्य आम्ही तीन वर्षे ऐकले. फी येणार हे त्यांनाही माहीत होते, आम्हालाही माहीत होते. तरी आम्ही पाहुणे आणि बाकीचे घरचे, अशी ती वागणूक होती.

ही स्कॉलरशिप म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी ती सरकारकडून मिळवली. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून ती आजही चालू आहे. तिच्या नियमांत एक गोष्ट आहे, जी प्रत्येक आई-बापाने समजून घ्यावी. शिकवणी, नोंदणी, खेळ, ग्रंथालय, मॅगझिन, वैद्यकीय तपासणी आणि विद्यार्थ्याला भरावीच लागणारी अशी इतर फी तिच्यात बसते. परत मिळणारी अनामत, म्हणजे डिपॉझिट, मात्र बसत नाही. म्हणजे पावतीवर ‘कॉम्प्युटर फी’ लिहिले आणि ते शीर्ष रीतसर मंजूर असेल, तर ती रक्कम शिष्यवृत्तीतून मिळू शकते. त्याच रकमेला ‘कॉम्प्युटर डिपॉझिट’ म्हटले, तर ती मुलाच्या खिशातून जाते. एका शब्दाने शेतमजुराच्या घरातले चार दिवसांचे किराणा सामान हलते.

आता १९९७ सालची गोष्ट सांगतो. आमच्या कॉलेजात तेव्हा ऑफिसातही कॉम्प्युटर नव्हता. शासनाचे अनुदान बहुतेक पगारातच संपायचे. यंत्रसामग्रीसाठी हाती काही उरत नसे. एक कॉम्प्युटर पन्नास हजारांच्या घरात होता. प्राचार्यांनी ठरवले, की विद्यार्थ्यांकडून वर्षाला १०० रुपये घ्यायचे. दुसऱ्या एखाद्याने परिपत्रक काढले असते आणि आम्ही पावतीपुस्तकात ओळ वाढवली असती. पण प्राचार्यांनी सगळ्या वर्गप्रतिनिधींना मोठ्या हॉलमध्ये बोलावले आणि हिशोब मांडायला आम्हालाही बसवले. त्या काळात वर्गप्रतिनिधी मतदानाने येत नसत. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे आदल्या वर्षीच्या गुणांवरून त्यांची नेमणूक होई. त्यामुळे हॉलमध्ये गप्प बसणारी हुशार मुले जास्त होती.

पहिला बोलला तो बाळापूरकडचा एक मुलगा. ‘‘सर, पैसे देतो. पण कॉम्प्युटरले हात लावाले भेटन, का नुसता पावतीवरच पाहाचा?’’ हॉल हसला. मग मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली बी.ए.ची एक मुलगी उठली. तिचा स्वतःचा अर्जही आमच्याच टेबलावर पडलेला होता, स्कॉलरशिपचा. ती म्हणाली, ‘‘सर, ज्याहिची फी सरकार भरते, त्याहिचा नंबर शेवटी तं नाही ना लागन?’’

या वेळी कोणी हसले नाही. आम्हाला अमरावतीचे ग्रंथालय आठवले. प्राचार्य जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘नाही लागणार. तसे ठरावात लिहून घ्या.’’

दोन तास चर्चा झाली. शेवटी १०० ऐवजी ७५ रुपये ठरले आणि अटी घातल्या त्या मुलांनीच. मुलांच्या रकमेइतकीच रक्कम संस्थेने घालावी. हिशोबाची वही वेगळी ठेवावी आणि दर सत्राला नोटीस बोर्डावर लावावी. स्कॉलरशिपच्या मुलांकडून आगाऊ रोख घेऊ नये. कॉम्प्युटरवर बसायची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागावी. आणि ही फी एका वर्षापुरतीच. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. ठरावाचा मसुदा टाइप होऊन आला, तेव्हा त्यात ‘डिपॉझिट’ असा शब्द होता. आमच्या हेडक्लार्कांनी तो खोडून ‘फी’ केले. मग विद्यापीठाची मंजुरी मागवली आणि ठरावाची प्रत समाजकल्याण कार्यालयात नेऊन दिली.

हिशोब आम्हाला अजून पाठ आहे. कॉलेजात १२०० विद्यार्थी होते, त्यांतले ४५० स्कॉलरशिपचे. ७५० जणांचे ५६,२५० रुपये रोख आले. उरलेले ३३,७५० शासनाकडून यायचे होते आणि ते पुढच्या उन्हाळ्यात आले. तोपर्यंतची तूट संस्थेने भरून काढली. एकूण ९०,००० मुलांचे आणि तितकेच संस्थेचे. त्यात पहिल्या वर्षी दोन कॉम्प्युटर, बॅटरीचा यूपीएस, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि टेबल-खुर्च्या आल्या. खोलीला पडदे शिवले ते मुलींनी. एका कॉम्प्युटरवर दोघे, अर्धा तास, अशी पाळी लागली. लाइन गेली की यूपीएस वीस मिनिटे चाले आणि मग रजिस्टरमध्ये ‘वीज नाही, पाळी उद्या’ असे लिहिले जाई. आजच्या मुलांना हे हसण्यासारखे वाटेल. पण ज्या मुलाने गावात टेलिफोनही धड पाहिला नव्हता, त्याने पडद्यावर स्वतःचे नाव उमटलेले पाहिले, तेव्हा त्याचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

पुढची तीन वर्षे दर जुलैत बैठक झाली. दुसऱ्या वर्षी मुलांनी हिशोबात चूक काढली. प्रिंटरच्या शाईचा खर्च ऑफिसच्या कामाचा होता आणि तो मुलांच्या वहीत पडला होता. तो परत वळता झाला. तिसऱ्या वर्षी मुलांनी आपणहून १० रुपये वाढवले, कारण त्यांना संध्याकाळी सात वाजेपर्यंत खोली उघडी हवी होती. फी वाढवा असे विद्यार्थी स्वतः म्हणताहेत, हे ३४ वर्षांच्या नोकरीत आम्ही एकदाच ऐकले. ज्याला विचारले जाते, तो जबाबदारीही घेतो. पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन निघाले, एमएस-सीआयटी आली आणि सरकारी नोकरीसाठी ती मागितली जाऊ लागली. तेव्हा त्या खोलीत बसलेल्या मुलांना माऊस धरायला शिकवावे लागले नाही.

याच्या उलट अनुभव २०१८ चा. आमची भाची अमरावतीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला होती. तिने पावती आणली आणि विचारले, ‘‘मामा, हे ‘आयटी सुविधा’ म्हणजे काय लिहिलं?’’ रक्कम ८०० रुपये होती आणि ती तिच्याकडून रोख घेतली होती. कॉलेजात संगणक कक्ष होता, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना तो उघडत नसत. आम्ही तिच्यासोबत खिडकीवर गेलो. तिथल्या बाबूने शांतपणे सांगितले, ‘‘प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेलं आहे.’’ छापलेले होते, खरे. पण कोणाला विचारून छापले, ते त्यालाही सांगता येईना.

आम्ही भाचीलाच माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायला लावला. अनुदानित कॉलेजांना २००५ चा हा कायदा लागू आहे. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. उत्तर आले. जमा रकमेतला मोठा भाग सीसीटीव्ही कॅमेऱ्यांवर आणि कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या अंगठा-मशीनवर खर्च झाला होता. विद्यार्थी परिषदेची त्या वर्षात एकही बैठक झाली नव्हती. मुलांनी पैसे दिले शिकण्यासाठी आणि त्यांतून आले मुलांवर नजर ठेवायचे यंत्र. ८०० रुपये काही परत मिळाले नाहीत. पण उत्तराची झेरॉक्स वर्गात फिरली, पंधरा-वीस मुले प्राचार्यांना भेटली आणि दिवाळीनंतर कक्ष दुपारी सगळ्यांना उघडा झाला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९७ प्रमाणे कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. कॉलेजचे वार्षिक अंदाजपत्रक तयार करणे आणि अध्यापनात माहिती तंत्रज्ञानाचा वापर वाढावा म्हणून शिफारशी करणे, ही दोन्ही कामे याच समितीची. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. आणि या समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे सदस्य असतात. म्हणजे कॉम्प्युटरच्या फीवर बोलायची खुर्ची आपल्या मुलांसाठी मांडून ठेवलेली आहे. प्रश्न त्या खुर्चीवर कोण बसतो, हा आहे. याच कायद्याने थेट निवडणुकांची वाट मोकळी केली. २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या आणि नंतर कोरोना आला. मुलांनी निवडलेला प्रतिनिधी नसेल, तर मुलांची संमती म्हणजे एखाद्या भिडस्त मुलाची सही, एवढीच उरते.

जगात याहून पुढे गेलेली ठिकाणे आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तिथे कायद्यानेच असे ठरवले आहे, की विद्यार्थी संघटनेची लेखी संमती असेल तरच विद्यापीठाने तंत्रज्ञान फी लावावी. पैसा कशावर खर्च करायचा, त्या वार्षिक आराखड्यालाही विद्यार्थ्यांची मंजुरी लागते. आणि विद्यार्थी संघटनेने बहुमताने ठरवले, तर ती फी बंद करता येते. अकोल्याच्या त्या हॉलमध्ये बसलेल्या मुलांना या कायद्याचा पत्ताही नव्हता. तरी त्यांनी जवळपास त्याच अटी घातल्या होत्या.

यावर कोणी म्हणेल, की कॉम्प्युटर घेणे हे सरकारचे काम, गरिबाच्या मुलाने पैसे का द्यावेत? हा आक्षेप खोटा नाही. विद्यार्थी मान्यता देतात म्हणून सरकारने हात आखडता घ्यावा, असे होता कामा नये. दुसरा धोका आम्हाला त्याहून मोठा वाटतो. बहुमताने फी ठरते, तेव्हा ज्यांना ८०० रुपये सहज परवडतात त्यांचे हात आधी वर होतात. ज्याला परवडत नाही, तो सगळ्यांसमोर ‘मला परवडत नाही’ असे म्हणायला लाजतो. म्हणून संमतीच्या ठरावात स्कॉलरशिपच्या मुलांची अट आधी लिहिली गेली पाहिजे, नंतर नव्हे. मूर्तिजापूरच्या मुलीने ती लिहून घेतली नसती, तर बाकीच्या ठरावाला आमच्या लेखी किंमत नव्हती.

आता शिष्यवृत्तीचे पैसेही थेट मुलांच्या हाती येतात. २०२१ च्या नव्या नियमांप्रमाणे केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो आणि फीची रक्कम त्यानेच कॉलेजला द्यायची असते. त्यामुळे ‘तुमची फी सरकार भरते’ हे म्हणायलाही आता जागा उरली नाही. फी आपली मुलगी भरते, आपला मुलगा भरतो. मात्र खात्यात पैसे आले की घरच्या बी-बियाण्याला किंवा लग्नाला ते वापरू नयेत, एवढे पथ्य आपणही पाळले पाहिजे. थकबाकीदाराचा प्रश्न कोणी ऐकून घेत नाही.

तेव्हा यंदा पावती घरी आली, की मुलीला शेजारी बसवून ती मोठ्याने वाचून घ्या. कॉम्प्युटर, आयटी, ई-सुविधा, स्मार्ट क्लासरूम असे कुठलेही शीर्ष दिसले, तर तीन गोष्टी तिला विचारायला सांगा. ही फी आहे की अनामत? ती कोणत्या बैठकीत मंजूर झाली आणि तिथे विद्यार्थ्यांचे कोण होते? आणि माझी पाळी कोणत्या दिवशी? तिसरा प्रश्न सर्वांत सोपा आहे, पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला उत्तर शोधायला लावतो तोच. पावती मात्र ट्रंकेत टाकू नका. एका फाइलीत तीन वर्षे जपून ठेवा आणि अर्ज करायची वेळ आली तर तिची झेरॉक्स जोडा.