आर्नोच्या काठी
आजऱ्याहून रामतीर्थापर्यंत पायी जाणाऱ्या मला काठी कशाला, असे म्हणत फ्लॉरेन्समध्ये मी ती नाकारली. दगडी फरसबंदीवर दोनदा तोल गेला. मुलाने टोमणा न मारता काठी पुन्हा पुढे केली. मी मुकाट्याने घेतली.

कासिने उद्यानाच्या सपाट वाटेने, बाकांवर विसावत, आम्ही आर्नो-मुन्योने संगमाजवळ पोहोचलो. तेथे कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे स्मारक आहे. इंग्लंडहून परतताना, १८७० मध्ये, अवघे २० वर्षांचे असताना ते फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. दहन याच काठी झाले. त्यांना घर पुन्हा दिसले नाही.

वाचकहो, आपल्याला घरी परतायचे आहे. काठी घेताना संकोच नको, आणि देताना टोमणा नको.