लाल मातीवरचा ठसा

१९९९ ची फ्रेंच ओपन म्हटलं की आपल्याकडे लोकांना पेस-भूपती आठवतात, आणि ते बरोबरच आहे. ग्रँड स्लॅममध्ये दुहेरी जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी. त्याच स्पर्धेत आगासीने पहिले दोन सेट गमावूनही मेदवेदेवला हरवलं. आमच्या वर्गातल्या कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता!

होस्टेलवर या स्पर्धेची जुनी रेकॉर्डिंग्ज बघताना मी अडकले ती मात्र महिलांच्या फायनलमध्ये. स्टेफी ग्राफ विरुद्ध मार्टिना हिंगीस. स्टेफी तिशीला टेकलेली, डेव्हनपोर्ट आणि सेलेसला हरवून आलेली. हिंगीस अठरा वर्षांची, म्हणजे आपल्या एफ.ई.च्या वयाची, आणि जगात पहिली! बाकीची तिन्ही ग्रँड स्लॅम तिने जिंकली होती. राहिली होती फक्त हीच.

पहिला सेट तिचा. दुसऱ्यात २-० ने पुढे. अन् तिचा एक बॉल आउट दिला गेला. मातीच्या कोर्टावर बॉलचा ठसा उमटतो. तो दाखवायला ही बया सरळ नेटपलीकडे, स्टेफीच्या बाजूला गेली. नियमात हे बसत नाही. एका पॉइंटचा दंड झाला आणि प्रेक्षक जे बिथरले ते शेवटपर्यंत. तरीही ५-४ वर मॅच जिंकण्यासाठी सर्व्हिस तिच्याच हातात होती. तिथून स्टेफीने सामना खेचून नेला, ४-६, ७-५, ६-२. शेवटी मॅच पॉइंट वाचवायला हिंगीसने खालून सर्व्हिस केली, तेव्हा तर स्टेडियमने हुर्योच उडवली.

माझी रूममेट पक्की स्टेफीवाली. "माजलीच होती ती," म्हणते. असेल. वागणं उद्धट होतंच. पण अख्खं स्टेडियम एकीकडे आणि एक पोरगी एकीकडे, हे बघवत नाही राव. इथे व्हायवाला एक सर जरा आवाज चढवून बोलले तरी आपल्याला दोन दिवस जेवण जात नाही.

मॅच संपल्यावर ती कोर्ट सोडून निघूनच गेली. बक्षीस समारंभासाठी आईने तिला परत आणलं तेव्हा ती रडत होती. स्टेफीचं ते बाविसावं आणि शेवटचं ग्रँड स्लॅम, तिच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण मी परत परत मागे जाऊन बघते ते या मायलेकींचं आत येणं.

पॅरिसमध्ये एकेरीचं विजेतेपद हिंगीसला कधीच मिळालं नाही. २०१६ मध्ये मात्र तिने तिथेच मिश्र दुहेरी जिंकली. समोर होते सानिया मिर्झा आणि डोडिग. आणि हिंगीसचा पार्टनर? लिअँडर पेस!