कुर्ल्यातलं पासिंग

मॉडेल कार रंगवताना माती खायची असेल, तर मुंबईचा पावसाळा हा बेस्ट सीझन! मी जुलैत खाल्ली.

बाबांच्या पंचाहत्तरीसाठी फियाट अकराशेचं १:४३ मॉडेल काळं-पिवळं करायचा प्लॅन होता. याच फियाटची पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली, आणि बाबांनी तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही गेली. बाबांची तर कितीतरी आधी भंगारात निघाली. तिचा एक धड फोटो घरात नाही.

तर, नऊ सेंटिमीटरची गाडी. आधी सगळी काळी केली, मग टपावर पिवळा मारला. पिवळा दिसायला लागला शेवाळी! म्हणून आणखी मारला, तर ओघळ आला. तो पुसायला अंगठा लावला, आणि खरेदीखतावर उठावा तसा ठसा टपावर उमटला. काळ्या रंगावर पांढरट झाक आली, ती वेगळीच. वाढदिवसाला उरले होते वीस दिवस.

शनिवारी गाडी टिफिनच्या डब्यात घालून सीएसटी रोड गाठला. बाबा दर पासिंगच्या आधी टॅक्सी इथेच रंगवायला आणायचे. नाव ऐकून व्हीटी आठवत असेल, तर थांबा. हा रस्ता जुन्या सेंट्रल सालसेट ट्रामवेच्या नावाचा. कुर्ला पश्चिमेकडून कलिन्याच्या दिशेने निघालं की दुतर्फा बंपर, दरवाजे, हेडलाइट टांगलेले, आणि हवेत थिनर. पद्मिनी बनवणारा प्रीमिअरचा कारखानाही कुर्ल्यातच होता. म्हणजे गाडी माहेरीच आली म्हणायची.

एका गॅरेजमधल्या पेंटर चाचांनी डबा उघडून पाहिला. "डेंटिंग भी करने का है क्या?" सगळं गॅरेज हसलं. मग त्यांनी चष्मा लावला. "गीले को हाथ क्यूं लगाया?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन तासांत बिघडलेलं तीन मिनिटांत सुधारायला गेलो होतो, दुसरं काय!

पुढचा अर्धा तास क्लास झाला. आधी आठ-दहा दिवस गाडीला हात लावायचा नाही. मग नाकाशी धरायची. थिनरचा वास आला, तर रंग अजून ओला. वास गेला की शाळेतल्या खोडरबराला पंधराशे नंबरचा वॉटर पेपर गुंडाळायचा, साबणाच्या पाण्यात बुडवून फक्त ओघळ घासायचा, मग दोन हजार नंबर. कडांना हात नाही. तिथे रंग पातळ असतो, लगेच पत्रा दिसतो.

पिवळा शेवाळी का झाला? काळं झाकायची ताकद पिवळ्यात नसते. मध्ये पांढरा हवा. आणि टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी काळाच मारायचा. झिरपलाच तर काळ्यात काळा मिसळतो, वर पिवळ्याची रेघ सरळ येते. पांढरी झाक दमट हवेची. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतलं पाणी रंगावर बसतं. कोरडा दिवस बघून स्लो थिनरचा हलका फवारा मारला की ती जाते.

पैसे विचारले, तर चाचा म्हणाले, "बन जाए तो दिखाने को लाना."

दहा दिवस डबा कपाटावर ठेवला. ऑफिसात एकही डेडलाइन मला इतकी जड गेली नव्हती. मग सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. फक्त मागच्या काचेवर, टपाच्या कडेला, ठशाची एक बारीक रेघ राहिली. तिथे घासायची हिंमत झाली नाही.

बाबांनी गाडी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरून फिरवली. त्यांची नजर नेमकी त्या रेघेवर थांबली.

"पुन्हा करून देतो," मी म्हटलं.

"कशाला? आमच्या टॅक्सीलाही तिथेच पोचा होता." मग हसून म्हणाले, "पासिंगला चालेल."

जाणार असाल तर: कुर्ला पश्चिमेहून रिक्षा मिळते. सकाळी जा, चाचा लोकांना गप्पांना वेळ असतो. घरी रंगवताना खिडक्या उघड्या आणि तोंडावर मास्क हवाच.