सोळा डोळ्यांची सोसायटी

आपल्याकडे कॅमेरा यायच्या कितीतरी आधी पाळत आली. गिरगावातल्या ज्या चाळीत माझे लहानपण गेले, तिथे पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी, एक काकू तांदूळ निवडत बसलेल्या असत. त्या एवढे तांदूळ कुणासाठी निवडतात हे कोडे शेवटपर्यंत सुटले नाही. पण कोण वर गेले, कोण खाली उतरले, कुणाच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती आणि कुणी आतले काही डोकावू नये म्हणून मुद्दाम वर कोथिंबीर ठेवली होती, यातले काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मात्र काकूंचे रेकॉर्डिंग दिवाळीपर्यंतच टिके. फराळाची ताटे इकडून तिकडे गेली की जुने सारे पुसले जाई आणि नवे सुरू होई. शिवाय काकू बघताहेत हे आपल्याला दिसे. रात्री नाटकाहून उशिरा परतलो की अंधारातून आवाज येई, "काय रे, आत्ता येतोस? जेवलास का?"

हल्ली मी ज्या सोसायटीत राहतो तिथे काकू नाहीत, कॅमेरे आहेत. चांगले सोळा. याला निमित्त झाले एका सायकलचे. ती पार्किंगमधून चोरीला गेली. मालकाने भर सभेत तिची किंमत चार हजार रुपये सांगितली, तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने मान खाली घातली. तरीही ठराव मंजूर झाला आणि सायकलच्या कित्येक पट खर्चून सोळा कॅमेरे बसले. सायकल अद्याप मिळालेली नाही. पण ती परत आली आणि पुन्हा चोरीला गेली, तर सोळा बाजूंनी दिसेल, एवढी व्यवस्था झाली आहे.

वास्तविक घरात कॅमेरा लावण्याची कल्पना वाईट नाही. ती मुळात एका नर्सबाईंची. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांना घरी एकटे असताना धास्ती वाटे. दार वाजले तर बाहेर कोण उभे आहे हे आतून दिसावे, म्हणून त्यांनी दाराला वरखाली चार भोके, त्यांच्यामागे सरकता कॅमेरा आणि आत टी.व्ही.चा पडदा अशी योजना आखली. नवऱ्याच्या जोडीने केलेल्या या शोधाला १९६९ साली पेटंटही मिळाले. बाईंना आपल्या दाराबाहेर पाहायचे होते. दुसऱ्याच्या दाराच्या आत पाहण्याची कल्पना पुढच्या मंडळींची!

आमच्या समोरच्या बिऱ्हाडाने आपल्या दारावर कॅमेरा बसवला तो नेमका आमच्या दारावर रोखलेला. दोन दारांत अंतर सहा फूट. आमचे दार उघडले की थेट देवघरापर्यंत सगळे दर्शन! मी पूर्वी बनियनवर दूध घ्यायला दार उघडत असे, तो आता शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून उघडू लागलो. आमची ही तर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला इस्त्रीची साडी नेसू लागली. एके दिवशी सकाळी सातला फोन वाजला. समोरच्यांचा मुलगा टोरांटोहून बोलत होता.

"काका, दुधाची पिशवी अजून बाहेरच आहे हो तुमची. मांजर येऊन वास घेऊन गेलं."

मी आभार मानले. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि काका, हल्ली फार वाळलात तुम्ही. तपासून घ्या."

मुलगा गुणी आहे, शंकाच नाही. पण सातासमुद्रापलीकडून कुणीतरी आपल्या बरगड्या मोजतो आहे, या विचाराने मला दूध जाईना.

मग मी कायदा धुंडाळला. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. के. एस. पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी ती याचिका केली होती. नऊ न्यायमूर्ती आणि नऊही एकमताचे! आमच्याकडे पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यावा यावर सात जणांचे एकमत होत नाही. पुढे २०२३ साली माहिती-संरक्षणाचा कायदाही झाला. पण माणसाने निव्वळ घरगुती कामासाठी जमवलेली माहिती त्यातून वगळली आहे. म्हणजे समोरच्यांवर तो उगारावा, तर ते "अहो, हे घरगुतीच आहे" म्हणून चहा पुढे करणार.

अखेर चहाच उपयोगी पडला. वायरी तपासायला आलेल्या पोराने चहा पिता पिता सांगितले, की या यंत्रांत बहुधा 'प्रायव्हसी मास्क' नावाची सोय असते. चित्राच्या हव्या त्या भागावर काळा चौकोन टाकायचा, की तेवढा भाग ना पडद्यावर दिसतो, ना रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. समोरचेही भले निघाले. पाच मिनिटांत आमच्या दारावर काळा चौकोन पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला.

"काका, तुमच्याकडे लाईट गेलेत का?"

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले. पुढचे नाही.

चौथ्या मजल्यावर एक मुलगी आणि तिची आई अशा दोघीच राहतात. मुलीची नोकरी पाळीची. एका रात्री दीड वाजता तिच्या कामावरचा एक मुलगा तिला मोटारसायकलवरून फाटकाशी सोडून गेला. अकरा सेकंदांचे ते चित्र दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर आले. वर मजकूर : 'सुरक्षेच्या दृष्टीने.' खाली आधी हात जोडलेली चित्रे, मग अंगठे, मग संस्कार या विषयावरची मते. चित्राला आवाज नव्हता. आवाज आम्ही पुरवला.

त्यानंतर ती मुलगी रात्री अलीकडच्या गल्लीच्या तोंडाशीच उतरू लागली. त्या गल्लीत दिवा नाही. कॅमेऱ्यात दुसरे कुणी दिसू नये म्हणून ती तेवढी वाट अंधारातून एकटी चालत येई. चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून लावलेल्या सोळा डोळ्यांनी हे एवढे साधले.

सभा भरली. एरवी सभेत न बोलणारी तिची आई उठून उभी राहिली. तिने ना कायदा काढला, ना नऊ न्यायमूर्ती. म्हणाली, "माझी मुलगी रात्री दीडला आली, हे तुम्ही पासष्ट घरांनी बघितलंत. एकानं तरी विचारलंत का, की बाई, जेवलीस का?"

सभेत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला.

मग ठराव झाले. चोरीमारी झाली तरच रेकॉर्डिंग पाहायचे. तेही समितीच्या दोघांनी मिळून, वहीत नोंद करून. एकही चित्र कुणाच्या फोनवर जाणार नाही. वीस दिवसांनी सगळे पुसायचे. फाटकाचा कॅमेरा फाटकापुरताच राहील आणि गल्लीतल्या दिव्यासाठी महापालिकेकडे अर्ज जाईल. पासवर्ड विचारला तर तो कारखान्यातून आला तोच निघाला, 'अॅडमिन'. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रॅमने असले आयते पासवर्ड वापरून जगभरची लाखो यंत्रे ताब्यात घेतली होती आणि त्यांत असले कॅमेरे पुष्कळ होते. हे ऐकल्यावर सेक्रेटरींनी तिथल्या तिथे चौदा अक्षरांचा नवा पासवर्ड बनवला, तोही अंक आणि चिन्हे घालून.

तो लक्षात राहावा म्हणून त्यांनी तो ठळक अक्षरांत लिहून वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर चिकटवला आहे. कागद कुणी चोरू नये, म्हणून सोळावा कॅमेरा आता त्या कागदावर रोखलेला असतो.